जमीन तीच, मशागत वेगळी

विदर्भाच्या रणजी संघाची कहाणी सांगताना बहुतेकजण १ जानेवारी २०१८ पासून सुरुवात करतात. त्या दिवशी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला ९ गडी राखून हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. तेव्हापासून ‘चमत्कार’ हा शब्द या संघाला जो चिकटला तो अजून सुटलेला नाही. शब्द कौतुकाचा आहे, पण त्याने नुकसान होते. चमत्कार म्हटले की कारणे शोधायची गरज उरत नाही, आणि कारणे कळली नाहीत तर पुढच्या हंगामात तेच काम पुन्हा कसे करायचे हेही कळत नाही. नागपूरपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या अचलपूर-परतवाड्याच्या स्मरणिकेत हा इतिहास लिहिताना म्हणूनच एक गोष्ट पुराव्यानिशी मांडायची आहे. खेळाडू या मातीत आधीपासून होते; नव्हते ते पुरेसे सामने आणि मुलांना वाढवणारी व्यवस्था. या दोन्ही गोष्टी हाती आल्यावर आठ-नऊ वर्षांत करंडक आला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जमीन तीच असते, मशागत बदलली की उतारा बदलतो.

जमिनीचा पुरावा जुना आहे. १९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या हंगामातच ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाचा संघ मैदानात होता. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू १८९५ मध्ये नागपुरात जन्मले. पण १९२३ मध्ये होळकर महाराजांनी बोलावले आणि ते इंदूरला गेले. पुढे त्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. आपल्याकडे जन्मलेला माणूस दुसऱ्याच्या आश्रयाने फुलला आणि करंडक तिकडे गेला, ही या प्रदेशाच्या क्रिकेटची पहिली मोठी नोंद आहे. विदर्भाचा पहिला करंडक ज्या मैदानावर जिंकला गेला त्यालाही होळकरांचेच नाव आहे, हा योगायोग. त्यामागची कारणपरंपरा मात्र योगायोगाची नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे तेव्हाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १९५७-५८ च्या हंगामात ‘विदर्भ’ हा स्वतंत्र संघ रणजीत उतरला. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ कशाला, हा आक्षेप तेव्हापासून ऐकू येतो. सगळे एकत्र केले असते तर एकच बलाढ्य संघ झाला असता, असे त्याचे म्हणणे. शेजारच्या गुजरात राज्यातही गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे तीन संघ आहेत आणि तिघांनीही करंडक जिंकलेला आहे. तेव्हा तीन संघांनी ताकद विखुरतेच असे नाही. शिवाय आठ जिल्ह्यांतल्या मुलांना पुण्या-मुंबईच्या निवड चाचणीत जाऊन उभे राहावे लागले असते, तर त्यातले किती अकरांत पोचले असते? वेगळा संघ म्हणजे या मुलांसाठी दरवर्षी अकरा जागा राखल्या गेल्या. त्या जागा भरणारी मुले तयार करण्याची सोय मात्र पुढची पन्नास वर्षे झाली नाही.

नव्याने दाखल झालेला संघ काय करू शकतो हे पाहायला दूरचे एक उदाहरण उपयोगी आहे. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने २०१७-१८ च्या हंगामासाठी ‘व्हेगास गोल्डन नाइट्स’ हा एकतिसावा संघ वाढवला. त्यासाठी मालकांनी ५० कोटी डॉलर मोजले. बदल्यात जुन्या तीसही संघांतून प्रत्येकी एक खेळाडू निवडून घेण्याची मुभा मिळाली. वाळवंटातल्या शहरात बर्फावर खेळणारा हा संघ पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत पोचला, वॉशिंग्टनकडून हरला आणि २०२३ मध्ये स्टॅन्ली कप जिंकून बसला. विदर्भाचा पहिला करंडक याच २०१७-१८ च्या हंगामातला. एकाला अंतिम फेरीसाठी एक हंगाम पुरला, दुसऱ्याला साठ वर्षे लागली. हा फरक अमेरिकन आणि वैदर्भीय गुणवत्तेतला नाही, दाखल करून घेण्याच्या पद्धतीतला आहे. तिथे नव्या संघाला पहिल्या दिवशी तयार खेळाडू दिले गेले. १९५७ मध्ये विदर्भाला मिळाला तो स्पर्धेत प्रवेश, एवढेच.

त्या प्रवेशाचा अर्थही नीट पाहिला पाहिजे. तेव्हाची रणजी स्पर्धा विभागवार खेळली जाई. मध्य विभागात विदर्भासमोर उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि राजस्थान. रेल्वेचा संघ बऱ्याच काळाने या विभागात आला. म्हणजे साखळीत प्रत्येकाशी एकदा खेळले की वर्ष संपले. तीन सामने, फार तर चार. एखादा फलंदाज पहिल्या सामन्यात शून्यावर बाद झाला, दुसऱ्यात पाऊस आला, तिसऱ्यात पायचीत दिला गेला, की त्याचा हंगाम आटोपला आणि पुढच्या वर्षी त्याची जागा गेली. त्यात विभागातून वर सरकायचे तर राजस्थानला मागे टाकायचे होते, आणि सलीम दुराणी, हनुमंतसिंग यांचा तो राजस्थान १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात तब्बल आठ वेळा अंतिम फेरी खेळलेला संघ होता. इतक्या थोड्या सामन्यांत खेळाडू शिकणार कसा? प्रीतम गंधे यांच्यासारखे ऑफस्पिनर वर्षानुवर्षे टाकत राहिले ते निव्वळ चिकाटीवर. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स मैदानावर १९६९ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध कसोटी झाली, तेव्हा मैदान कसोटीच्या दर्जाचे झाले होते. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू, उमेश यादव, यायला मात्र नोव्हेंबर २०११ उजाडला. मधली बेचाळीस वर्षे आपल्याकडे मैदान होते, प्रेक्षक होते, आणि कसोटी खेळायला येणारे सगळे बाहेरचे होते. या संपूर्ण कहाणीतला सर्वांत बोलका आकडा मला हाच वाटतो.

२००२-०३ पासून विभागवार रचना जाऊन एलिट आणि प्लेट असे गट झाले आणि पुढची बरीच वर्षे विदर्भाचा मुक्काम मुख्यतः प्लेट गटात राहिला. त्याला दुय्यम दर्जा समजून हळहळणारे पुष्कळ आहेत. माझे मत उलट आहे. प्लेट गटात सामने वाढले, प्रतिस्पर्धी देशभरचे झाले आणि खेळपट्ट्याही वेगवेगळ्या मिळाल्या. प्लेटमधून करंडकापर्यंत जाता येते हे २०१०-११ मध्ये राजस्थानने दाखवले. हृषीकेश कानिटकर आणि आकाश चोप्रा अशा बाहेरून आणलेल्या अनुभवी फलंदाजांच्या आधारावर त्यांनी तो करंडक जिंकला आणि पुढच्याच वर्षी राखलाही. पण त्यानंतर २०२४-२५ पर्यंत राजस्थानला एकदाही अंतिम फेरी गाठता आली नाही. हे उदाहरण पुढच्या चर्चेत पुन्हा लागणार आहे.

विदर्भात मशागत खऱ्या अर्थाने बदलली ती २००८-०९ च्या सुमाराला. विदर्भ क्रिकेट असोसिएशनमधल्या शशांक मनोहर यांच्या कारकिर्दीत वर्धा मार्गावर जामठ्याचे नवे स्टेडियम उभे राहिले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. छायाचित्रे स्टेडियमची निघाली. पुढे फळ दिले ते दुसऱ्या कामाने. २००९ च्या सुमारास असोसिएशनने निवासी अकादमी सुरू केली आणि तिची धुरा भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेल्या प्रशांत वैद्य यांच्याकडे आली. ‘निवासी’ हा शब्द इथे कळीचा आहे. नागपुरात राहणारा मुलगा सकाळी सायकलवर सरावाला जाऊ शकतो. अकोल्याच्या, पांढरकवड्याच्या, अचलपूरच्या मुलाला नागपुरात राहायची जागा, दोन वेळचे जेवण आणि शाळा-कॉलेज सांभाळणारा कुणीतरी लागतो. हे नसेल तर त्याची गुणवत्ता तालुक्याच्या टेनिस बॉल स्पर्धेत संपते. याच काळात खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव २००८ मध्ये थेट रणजीत आला आणि तीन वर्षांत भारताकडून कसोटी खेळला. तो अकादमीचे फळ नव्हे. पण गुणवत्ता रानात पडून आहे, ती वेचणारा हवा, हे त्याच्यामुळे निर्विवाद झाले.

२०१४-१५ आणि २०१५-१६ अशा लागोपाठ दोन हंगामांत विदर्भ उपांत्यपूर्व फेरीत पोचला. एकदा तामिळनाडूकडून हरला, एकदा सौराष्ट्राकडून. २०१६-१७ मध्ये पुन्हा साखळीतच थांबला. मग २०१७-१८ साठी चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. फैज फजल कर्णधार, सुब्रतो बॅनर्जी गोलंदाजीचे प्रशिक्षक. गटात बंगालच्या पुढे पहिला क्रमांक, उपांत्यपूर्व फेरीत सुरतला केरळवर ४१२ धावांनी विजय. आणि मग ईडन गार्डन्सवरचा कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना. विदर्भाच्या साऱ्या इतिहासातला एकच सामना निवडायचा तर मी अंतिम सामना नव्हे, हा निवडेन. पहिल्या डावात विदर्भ १८५ वर आटोपला, कर्नाटकने ३०१ केल्या. ११६ धावांची पिछाडी घेऊन खेळणारा जुना विदर्भ दुसऱ्या डावात ढासळला असता. या संघाने ३१३ केल्या. त्यात ८१ धावा कर्नाटकातूनच आलेल्या गणेश सतीशच्या. १९८ चे लक्ष्य घेऊन उतरलेला कर्नाटक चौथ्या दिवसअखेर ७ बाद १११ होता. पाचव्या सकाळी तळाच्या फलंदाजांनी धावा काढत काढत अंतर सहावर आणले, आणि रजनीश गुरबानीने शेवटचा गडी टिपला. विजय ५ धावांनी. गुरबानीचे दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ आणि सामन्यात १२ बळी. शिक्षणाने स्थापत्य अभियंता असलेल्या या मध्यमगती गोलंदाजाने त्या हंगामात ३९ गडी बाद केले. पाच धावांच्या फरकाला कुणी नशीब म्हणेल. पण ११६ ची पिछाडी भरून काढणारी फलंदाजी आणि पाचव्या सकाळी एका टप्प्यावर चेंडू टाकत राहणे हे नशिबाने होत नसते. एवढी सवय अंगी यायला त्याआधी अनेक वर्षांचे पुरेसे सामने खेळलेले असावे लागतात.

अंतिम सामन्यात दिल्लीच्या पहिल्या डावात गुरबानीने हॅट्ट्रिक साधली. तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत, आणि तिसरा बळी १४५ धावा काढलेल्या ध्रुव शोरीचा. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा तो दुसराच गोलंदाज. पहिले तामिळनाडूचे कल्याणसुंदरम, १९७२-७३ मध्ये. यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३ धावांवर विदर्भाने ५४७ पर्यंत मजल मारली. अकोल्याच्या आदित्य ठाकरेचे पदार्पण याच सामन्यात झाले. एकोणीस वर्षांचा वेगवान गोलंदाज थेट रणजी अंतिम सामन्यात उतरवणे हा निवडकर्त्यांनी आपल्याच रोपवाटिकेवर टाकलेला विश्वास होता. त्याच हंगामात विदर्भाच्या १९ वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक जिंकला आणि अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध अकोल्याच्या अथर्व तायडेने ३२० धावा केल्या. ज्या वर्षी मोठ्यांचा करंडक आला त्याच वर्षी धाकट्यांचाही आला. ‘चमत्कार’ म्हणणाऱ्यांनी या दुसऱ्या करंडकाचा विचार क्वचितच केला आहे.

पुढच्या २०१८-१९ च्या हंगामात स्पर्धाच वाढली. ईशान्येकडील राज्ये, बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी असे नऊ नवे संघ आले आणि एकूण संख्या ३७ झाली. त्यातला उत्तराखंड पहिल्याच वर्षी उपांत्यपूर्व फेरीत पोचला, आणि तिथे त्याची गाठ पडली विदर्भाशी. बाहेरून आलेल्या वसीम जाफरने द्विशतक काढले आणि विदर्भ डावाने जिंकला. वायनाडला केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात उमेश यादवने १२ गडी बाद केले. नागपुरातल्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रापुढे २०६ चे लक्ष्य होते. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद केले, आणि ७८ धावांनी करंडक राखला गेला. रणजी करंडक राखणारा विदर्भ हा सहावाच संघ. त्यानंतर शेष भारताविरुद्धच्या इराणी सामन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या अक्षय कर्णेवारने शतक केले. तो करंडकही राहिला आणि बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामाच्या शहीद जवानांच्या कुटुंबीयांना दिली.

आता सर्वांत जोरदार आक्षेपाकडे वळू. हे दोन करंडक पाहुण्या खेळाडूंचे आणि पाहुण्या प्रशिक्षकाचे, विदर्भाचे काय? आक्षेपात तथ्य आहे. २०१८-१९ मध्ये चाळिशीतल्या जाफरने १०३७ धावा केल्या. पंडित यांनी आधी मुंबईला तीनदा करंडक मिळवून दिला होता आणि विदर्भ सोडल्यावर २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशलाही मिळवून दिला. त्यांचे कर्तृत्व नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण पाहुणे विदर्भात २०१७ पूर्वीही होते. शिवसुंदर दास, साईराज बहुतुले, एस. बद्रीनाथ असे नावाजलेले खेळाडू या संघाकडून खेळले, करंडक आला नाही. २०१७-१८ मध्ये संघाच्या सर्वाधिक ९१२ धावा कर्णधार फजलच्या होत्या, बळी गुरबानी, सरवटे आणि अक्षय वखरे यांचे होते. पाहुण्याने आधार दिला. पण आधार द्यायला भिंत उभी असावी लागते. तरीही ही बाजू त्या दोन हंगामांच्या आकड्यांवर पूर्ण सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. तिची खरी परीक्षा पाहुणे गेल्यावरच होणार होती, आणि राजस्थानचे उदाहरण समोर होतेच.

परीक्षा कठीण गेली. २०१९-२० मध्ये संघ बाद फेरीत पोचला नाही. जाफर निवृत्त झाला, पंडित गेले. २०२०-२१ ची स्पर्धा करोनामुळे झालीच नाही. पुढचे दोन हंगामही साखळीतच संपले आणि ‘बघा, म्हटले नव्हते?’ असे म्हणायला लोक मोकळे झाले. मात्र याच पडत्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, नागपुरात गुजरातपुढे केवळ ७३ धावांचे लक्ष्य असताना विदर्भाने त्यांना ५४ मध्ये गुंडाळले. सरवटेचे १७ धावांत ६ बळी. रणजीच्या इतिहासात इतके छोटे लक्ष्य याआधी कुणीही राखलेले नव्हते. पहिल्या डावात ७४ वर बाद झालेला संघ असा सामना जिंकतो, तेव्हा तो संपलेला नसतो.

२०२३-२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत आला. वानखेडेवर मुंबईने ५३८ चे लक्ष्य ठेवले. कर्णधार वाडकरच्या शतकासह विदर्भ ३६८ पर्यंत झुंजला आणि १६९ धावांनी हरला. आणि मग २०२४-२५. तामिळनाडूवर १९८ धावांनी, मुंबईवर ८० धावांनी विजय, आणि नागपुरात केरळविरुद्ध अनिर्णित अंतिम सामन्यात पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक. संपूर्ण हंगामात एकही पराभव नाही. करुण नायर आणि ध्रुव शोरी हे पाहुणे या संघातही होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण हर्ष दुबेचे ६९ बळी हा रणजीच्या एका हंगामातला विक्रम आहे. स्पर्धेतल्या सर्वाधिक ९६० धावा यश राठोडच्या आहेत. अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशी अवस्था असताना १५३ धावा काढून डाव सावरणारा दानिश मालेवार एकवीस वर्षांचा होता. समोरून नायरने त्याला साथ दिली आणि दोघांनी २१५ धावा जोडल्या. प्रशिक्षक होते उस्मान घनी, स्वतः विदर्भाकडून खेळलेले. आणि त्या सामन्यात केरळकडून पाहुणा म्हणून कोण खेळत होता? आदित्य सरवटे. बाहेरून खेळाडू आणणारा संघ आता बाहेर खेळाडू पाठवू लागला, आणि ज्याला पाठवले त्याच्याविरुद्ध खेळून करंडकही जिंकला. पाहुण्यांवरच्या आक्षेपाला याहून नेमके उत्तर आकड्यांत सापडणार नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे आणि तो मला अधिक लागतो. नाव विदर्भाचे, पण संघ नागपूरचा. अकरा जिल्ह्यांतले उरलेले फक्त टाळ्या वाजवायला, असे वऱ्हाडात उघड बोलले जाते. याला आकडेवारीनेच उत्तर द्यायचे तर ते अर्धेच देता येते. अकोल्याचे तायडे आणि ठाकरे, अमरावतीत जन्मलेला आणि भारताकडून टी-ट्वेंटी खेळलेला यष्टिरक्षक जितेश शर्मा, पांढरकवड्याचा, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा आणि २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटीतली चारही षटके निर्धाव टाकणारा कर्णेवार, मुलींमध्ये अमरावतीची भारती फुलमाळी. पन्नास वर्षांपूर्वी अशी यादी करता आली नसती. पण पांढरकवडा वगळता ही यादी जिल्ह्याच्या ठिकाणी थांबते, हेही खरे. तालुक्याचा मुलगा जिल्ह्यापर्यंत पोचण्याची सोय आजही त्याच्या बापाच्या खिशावर अवलंबून आहे. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून तर अचलपूरहून मूर्तिजापूर गाठायलाही एसटीचाच आधार. नागपूरच्या अकादमीने जे अकोल्यासाठी केले ते अकोला आणि अमरावतीने आता अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूरसाठी करायचे आहे. टर्फची एक खेळपट्टी, वर्षभर राहणारा एक प्रशिक्षक, आणि १४ व १६ वर्षांखालील मुलांना हंगामात किमान दहा-बारा पूर्ण दिवसांचे सामने. खर्च स्टेडियमच्या मानाने किरकोळ आहे. रणजीचा साखळीतला एखादा सामना अमरावती किंवा अकोल्याला दरवर्षी नेमाने मिळावा ही मागणीही याच हिशेबातली. फिरकी गोलंदाजाचा हात चेंडू सोडताना कुठे असतो हे टीव्हीवर कळत नाही. ते पाहायला सीमारेषेजवळ बसावे लागते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात शेष भारताला ९३ धावांनी हरवून विदर्भाने तिसऱ्यांदा इराणी करंडक जिंकला. पहिल्या डावात संघाच्या ३४२ धावा झाल्या. त्यातल्या १४३ सलामीला आलेल्या अथर्व तायडेच्या होत्या, त्याच अकोल्याच्या मुलाच्या, ज्याने आठ वर्षांपूर्वी कूचबिहारच्या अंतिम सामन्यात ३२० काढल्या होत्या.